सूर्यग्रहण : नेत्रसुरक्षा व जनसमुदाय

सूर्यग्रहण पाहताना डोळ्यांना होणारी इजा, ती टाळण्याचे उपाय आणि ग्रहणकाळातील जनसमुदायाचे वर्तन यांचा संबंध प्राचीन काळापासून आहे. ग्रहणाच्या वेळी लोक नदीकाठी वा मोकळ्या मैदानात मोठ्या संख्येने जमतात, किंवा त्याउलट दारे-खिडक्या लावून घरात बसतात. या दोन्ही वर्तनांमागे भीती व कुतूहल यांचे मिश्रण असते. डोळ्यांना असलेला धोका खरा आहे. तथापि त्याचे कारण नेमके ठाऊक नसल्याने तो अनेकदा काल्पनिक धोक्यांत मिसळून गेला. हा खरा धोका काल्पनिक धोक्यांपासून वेगळा काढून त्यावरील साधन सामान्य माणसाच्या हाती देणे, हे या विषयाच्या इतिहासातील मुख्य सूत्र होय.

इजेचे स्वरूप : ग्रहणकाळी सूर्यातून कोणतेही वेगळे किरण बाहेर पडत नाहीत. सूर्याकडे एकटक पाहणे कोणत्याही दिवशी घातकच असते. परंतु एरवी त्याच्या तेजाने डोळे आपोआप मिटतात व मान वळते. खंडग्रास अवस्थेत सूर्यबिंबाचा बराच भाग झाकला गेल्याने एकूण प्रकाश कमी होतो व ही नैसर्गिक प्रतिक्रिया मंदावते. बिंबाच्या उरलेल्या कोरीची तेजस्विता मात्र पूर्वीइतकीच असते. पूर्ण सूर्याचे तेज पौर्णिमेच्या चंद्राच्या सु. ४ लक्ष पट असते. म्हणजे बिंबाचा ९९ टक्के भाग झाकला, तरी उरलेला भाग पौर्णिमेच्या चंद्राच्या सु. ४ हजार पट प्रकाश देत असतो.

नेत्रभिंगामुळे सूर्याची सु. ०·१६ मिमी. व्यासाची प्रतिमा जालपटलावर (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्यावर) पडते. पाहणाऱ्याची नजर सूर्यावर रोखलेली असल्याने ही प्रतिमा नेमकी पीतबिंदूवर, म्हणजे वाचन व चेहऱ्यांची ओळख ज्याच्यावर अवलंबून असते त्या भागावर येते. जालपटलात वेदना जाणवणारे तंत्रिकातंतू नसल्याने इजा होत असताना काहीच कळत नाही. काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी धूसर वा काळा ठिपका दिसू लागतो, सरळ रेषा वाकड्या भासतात आणि रंग फिके वाटतात. पुष्कळ रुग्णांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत सुधारते, परंतु काहींच्या बाबतीत दोष कायमचा राहतो. या विकारावर खात्रीचा उपचार उपलब्ध नसल्याने प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : या धोक्याचा एक जुना उल्लेख ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो (इ. स. पू. सु. ४२७–३४७) यांच्या ‘फीडो’ या संवादात आढळतो. सूर्याची प्रतिमा पाण्यात वा तत्सम माध्यमात न पाहता ग्रहणकाळी थेट त्याच्याकडे पाहणारे लोक आपले डोळे बिघडवून घेतात, असे त्यात सॉक्रेटीस यांच्या तोंडी आले आहे. बारीक छिद्रातून अंधाऱ्या खोलीत पडणाऱ्या प्रतिमेचा मार्ग यापेक्षा सुरक्षित होता. इब्न अल्-हैथम (सु. ९६५–सु. १०४०) यांनी ग्रहणकाळी अशा छिद्रातून पडणाऱ्या कोरीच्या आकाराचे विवेचन स्वतंत्र ग्रंथात केले. २४ जानेवारी १५४४ रोजी गेमा फ्रीझियस (१५०८–५५) यांनी लूव्हाँ येथे याच पद्धतीने सूर्यग्रहण पाहिले व तिची आकृती पुढील वर्षी प्रसिद्ध केली.

भारतात ‘ऋग्वेदा’च्या पाचव्या मंडलात स्वर्भानूने सूर्याला अंधाराने ग्रासल्याची व अत्रींनी तो पुन्हा शोधून काढल्याची कथा आहे. राहुकेतूंची पौराणिक कथा पुढे सर्वत्र रूढ झाली. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभट यांनी चंद्र सूर्याला झाकतो व पृथ्वीची छाया चंद्राला झाकते, असे ग्रहणांचे कारण स्पष्ट केले होते. तथापि गणित पंचांगकर्त्यांपाशी व आचार समाजापाशी अशी विभागणी राहिली. वेध पाळणे, उपवास, स्पर्श व मोक्ष यांच्या वेळी स्नान, जप आणि दान हे आचार सर्वत्र पाळले जात. ‘दे दान, सुटे गिराण’ ही दान मागणाऱ्यांची आरोळी महाराष्ट्रातील गावोगावी ग्रहणाची खूण बनली. गर्भवती स्त्रियांना घराबाहेर पडू न देण्याची, त्यांनी काही चिरू वा कापू नये अशी चाल अद्यापही काही ठिकाणी आढळते. तिला शास्त्रीय आधार नाही.

ग्रहणकाळच्या जनसमुदायाचे एक लक्षणीय वर्णन फ्रेंच प्रवासी फ्रांस्वा बर्निअर (१६२०–८८) यांनी केले आहे. १६५४ मधील ग्रहणाच्या वेळी फ्रान्समध्ये लोकांनी ग्रहणावरची औषधे घेतली, काहींनी स्वतःला तळघरांत कोंडून घेतले व अनेकांनी चर्चमध्ये धाव घेतली, हे त्यांनी नोंदविले. १६६६ मधील ग्रहण त्यांनी दिल्लीत यमुनेकाठच्या आपल्या घराच्या गच्चीवरून पाहिले. नदीच्या दोन्ही तीरांवर दूरवर लोक कमरेइतक्या पाण्यात उभे होते व स्पर्शाचा क्षण साधून बुडी मारण्यासाठी त्यांची नजर आकाशाकडे लागली होती. बर्निअर यांनी हे आचार अंधश्रद्धेचे मानले. पण आपल्या देशबांधवांचे वर्तनही त्यांनी त्याच मापाने मोजले. दोन्ही देशांतील लोकांना ग्रहणाची वेळ आधी ठाऊक होती. ते कसे पाहावे, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

लोकशिक्षणाचा आरंभ : ३ मे १७१५ रोजी इंग्लंडमधून जाणाऱ्या खग्रास ग्रहणापूर्वी एडमंड हॅली (१६५६–१७४२) यांनी चंद्रछायेचा मार्ग दाखविणारा नकाशा छापून प्रसिद्ध केला. भरदिवसा पडणाऱ्या अंधाराने लोकांनी घाबरून जाऊ नये आणि ही घटना निसर्गनियमानुसार घडते हे त्यांना कळावे, असा त्यांचा हेतू होता. त्याचबरोबर खग्रास स्थितीचा कालावधी मोजून कळविण्याची विनंतीही त्यांनी केली. देशाच्या विविध भागांतून आलेल्या नोंदींच्या आधारे त्यांनी छायेच्या सीमा अधिक अचूकपणे ठरविल्या. भ्यालेल्या समुदायाचे निरीक्षकांत रूपांतर करता येते, हे या प्रयोगाने दिसून आले. २९ जून १९२७ रोजी उत्तर इंग्लंडमधील खग्रास ग्रहण पाहण्यासाठी लाखो लोक जमले व रेल्वेने त्यांच्यासाठी विशेष गाड्या सोडल्या.

भारतातील मोहिमा : एकोणिसाव्या शतकात भारतातून गेलेल्या खग्रास ग्रहणांमुळे सौरविज्ञानात मोलाची भर पडली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी जमखंडी, विजापूर, गुंटूर व मच्छलीपटनम् येथे वेध घेण्यात आले. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी नॉर्मन लॉक्यर (१८३६–१९२०) केरळमधील बेकल किल्ल्यावर आले होते. सूर्याच्या सुटकेसाठी जमलेल्या लोकांनी तेथे आगी पेटविल्या. धुराने दुर्बिणींपुढे पडदा येऊ लागल्याने पोलिसांना त्या विझवाव्या लागल्या. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा मार्ग महाराष्ट्रातून गेला. लॉक्यर यांनी विजयदुर्ग येथे ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील नाविकांच्या मदतीने वेध घेतले. हीलियमचा शोध त्यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून लावला, ही प्रचलित समजूत बरोबर नाही. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कँबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगामवाला यांची पथके होती. या मोहिमांत आजूबाजूचा समाज मुख्यतः व्यत्यय म्हणून किंवा मजुरीपुरता विचारात घेतला जाई. त्याला ग्रहण दाखविणे हा मोहिमेचा भाग नव्हता.

वैद्यकीय संशोधन : १८६७ मध्ये व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी प्राण्यांच्या डोळ्यांवर सूर्यकिरण केंद्रित करून जालपटलाला होणाऱ्या इजेचा प्रायोगिक अभ्यास केला. १७ एप्रिल १९१२ च्या ग्रहणानंतर जर्मनीत अशा रुग्णांची मोठी संख्या आढळली व विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. ही इजा भाजल्यामुळे होते, असे दीर्घकाळ मानले जाई. १९७६ मध्ये विल्यम हॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दृश्य वर्णपटातील निळ्या बाजूचा प्रकाश उष्णतेवाचूनही जालपटलाला इजा करतो, हे दाखवून दिले. साध्या डोळ्यांनी पाहिल्यास होणारी इजा मुख्यतः अशी प्रकाशरासायनिक असते. दुर्बिणीतून पाहिल्यास मात्र प्रत्यक्ष भाजण्याचीही भर पडते व ती क्षणार्धात होते.

या इजेतून एक उपचारही निघाला. १९४५ च्या ग्रहणानंतर पीतबिंदूला इजा झालेले रुग्ण तपासताना जर्मन नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्वीकेराट (१९२०–९२) यांना तीव्र प्रकाशाने जालपटलावर हेतुपुरस्सर लहान व्रण करून त्याचे विकार आटोक्यात आणता येतील, अशी कल्पना सुचली. १९४९ पासून त्यांनी विकसित केलेली प्रकाशक्लथन पद्धती हीच पुढील लेसर उपचारांची पूर्वपीठिका होय. मधुमेहामुळे जालपटल बिघडलेल्या असंख्य रुग्णांना तिचा लाभ झाला आहे.

१९८० चे ग्रहण : १६ फेब्रुवारी १९८० रोजी अंकोला, रायचूर ते कोणार्क या पट्ट्यातून खग्रास ग्रहण दिसले. भारतीय द्वीपकल्प ओलांडून जाणारे १८९८ नंतरचे हे पहिलेच खग्रास ग्रहण होते. आंधळेपणाच्या धोक्याचे इशारे वृत्तपत्रे व आकाशवाणी यांवरून वारंवार दिले गेले. परिणामी त्या दुपारी मोठ्या शहरांतील रस्ते ओस पडले. लोक घरात राहावेत म्हणून दूरदर्शनवर चित्रपट दाखविण्यात आला. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ग्रहण खंडग्रासच असल्याने साध्या डोळ्यांनी पाहू नये, हा सल्ला अचूक होता. परंतु ‘असे पाहू नका’ याचा अर्थ ‘पाहूच नका’ असा घेतला गेला आणि ‘पाहू नका’ याचा ‘बाहेरच पडू नका’ असा. वैद्यकाने दिलेला इशारा जुन्या वेधांच्या कल्पनेत सहज मिसळला. खग्रास पट्ट्यातील अनेकांनीही त्यामुळे किरीट पाहण्याची दुर्मिळ संधी गमावली.

नंतरचा काळ : २४ ऑक्टोबर १९९५ रोजी राजस्थानातील नीम का थाना ते बंगालमधील डायमंड हार्बर या पट्ट्यातून पुन्हा खग्रास ग्रहण दिसले. या वेळी विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्था, तारांगणे व हौशी खगोलमंडळे यांनी आधीपासून व्याख्याने दिली, पुस्तिका काढल्या व गाळणीचे चष्मे उपलब्ध करून दिले; दूरदर्शनने ग्रहणाचे थेट प्रक्षेपण केले. शाळकरी मुले व कुटुंबे प्रवास करून पट्ट्यात गेली. महाराष्ट्रात ज्योतिर्विद्या परिसंस्था (पुणे) व खगोल मंडळ (मुंबई) यांसारख्या संस्थांनी ग्रहणनिरीक्षणाची परंपरा चालू ठेवली आहे. पंधरा वर्षांत घडलेला हा बदल केवळ इशाऱ्यांनी झाला नाही. इशाऱ्याबरोबर साधन मिळाल्यामुळे तो शक्य झाला.

इतरत्रही असाच अनुभव आला. ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणापूर्वी ब्रिटनमध्ये थेट न पाहण्याचा कडक सल्ला देण्यात आला होता. तरीही लेस्टर येथील रुग्णालयात तक्रारी घेऊन आलेल्या ४५ रुग्णांचा अभ्यास झाला. बहुतेकांची लक्षणे कालांतराने ओसरली. २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमधील एका रुग्णाच्या जालपटलावर ग्रस्त सूर्याच्या कोरीच्याच आकाराची इजा सूक्ष्म प्रतिमांकनाने दिसून आली.

गर्दीचे धोके : ग्रहणकाळी डोळ्यांखेरीज गर्दीचा धोकाही असतो. स्पर्शाचा व मोक्षाचा क्षण ठरलेला असल्याने सर्वांना एकाच वेळी एकाच घाटावर उतरायचे असते. २२ जुलै २००९ रोजी वाराणसीच्या घाटांवर झालेल्या चेंगराचेंगरीत एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला. त्याच दिवशी बिहारमधील तारेगना येथे ग्रहण पाहण्यास जमलेल्या मोठ्या समुदायाची ढगांनी निराशा केली. कुरुक्षेत्र येथील ब्रह्मसरोवर व सन्निहित सरोवर येथे सूर्यग्रहणाचा मोठा मेळा भरतो. २१ जून २०२० रोजी कंकणाकृती अवस्था तेथून दिसत असूनही करोनाच्या साथीमुळे तो नेहमीप्रमाणे भरू दिला गेला नाही. येण्याजाण्याचे वेगळे मार्ग, समुदायाची अनेक ठिकाणी विभागणी आणि ग्रहण संपताच एकदम परतणाऱ्या वाहनांचे नियोजन यांवर सुरक्षितता अवलंबून असते. रस्त्याने चालणाऱ्या वा वाहन हाकणाऱ्या व्यक्तीची नजर आकाशाकडे असणे, हेही अपघाताचे एक कारण ठरते.

सुरक्षित निरीक्षण : आंतरराष्ट्रीय मानकानुसार (१२३१२-२, वर्ष २०१५) ग्रहणाच्या चष्म्यातून दृश्य प्रकाशाचा ०·००३२ टक्क्यांहून अधिक अंश पार होता कामा नये. पाण्याच्या पृष्ठभागावरून मात्र, सूर्य डोक्यावर असतानाही, सु. २ टक्के प्रकाश परावर्तित होतो. म्हणजे या मर्यादेच्या सु. सहाशे पट. त्यामुळे परातीतील पाण्यात ग्रहण पाहण्याची घरगुती रीत, प्लेटोंच्या काळापासून चालत आलेली असली तरी, सुरक्षित नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणचित्राची फिल्म, रंगीत काच व उन्हाचे साधे चष्मे हेही वर्ज्य आहेत. वेल्डिंगसाठी वापरली जाणारी १४ क्रमांकाची काच चालते. चष्म्याला ओरखडा वा छिद्र असल्यास तो टाकून द्यावा. तो लावून दुर्बिणीतून कधीही पाहू नये, कारण गाळणी दुर्बिणीच्या पुढील टोकाला असावी लागते. सर्वांत सोपा व निर्धोक मार्ग म्हणजे पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करून कागदावर प्रतिमा पाहणे. छिद्रापासून १ मी. अंतरावर तिचा व्यास सु. ९ मिमी. असतो. झाडाच्या पानांमधील फटींतून जमिनीवर पडणारे कवडसेही याच रीतीने कोरीचा आकार घेतात व एकाच वेळी अनेकांना पाहता येतात. सूर्यबिंब पूर्ण झाकले गेलेली खग्रास अवस्था तेवढीच साध्या डोळ्यांनी पाहण्याजोगी असते. कंकणाकृती ग्रहणात असा एकही क्षण नसतो.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण पश्चिम भारतातून खंडग्रास दिसेल, २१ मे २०३१ चे ग्रहण केरळ व तमिळनाडूतून कंकणाकृती, तर २० मार्च २०३४ चे ग्रहण लडाख परिसरातून खग्रास दिसेल. या तारखा गणिताने निश्चित आहेत. त्या दिवशी मुलांना खोलीत कोंडायचे की पुठ्ठा व छिद्र देऊन अंगणात आणायचे, हे मात्र शाळा, वैद्य, प्रशासन व पालक यांनी आधीच्या पूर्वतयारीवर ठरणार आहे.