पुठ्ठ्यावरचे डाग

पेठ वडगावच्या आमच्या घरी पडवीच्या कडेला एक जीप उभी असते आणि जीपखाली कायम एक पुठ्ठा असतो. टीव्हीच्या खोक्याचा. रोज सकाळी आजोबा तो ओढून काढायचे, डाग बघायचे आणि परत आत सरकवायचे. काळा, पातळ डाग इंजिनाचा. मधासारखा दाट आणि गंधकाचा उग्र वास मारणारा डाग गिअरबॉक्सचा. आजोबा गेले आणि हे काम माझ्याकडे आलं. गेल्या पावसाळ्यात मधाचा डाग तळहाताएवढा झाला.

वडगाव म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात धनाजी जाधवांची समाधी येते, १७०८ हे साल येतं आणि विषय संपतो. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत गावात जणू काही घडलंच नाही. म्हणून मी या डागाचा इतिहास सांगणार आहे. तो बराच लांब जातो.

आमची जीप सीजे-थ्रीबी आहे, म्हणजे उंच बॉनेटची. विलीज कंपनीनं १९५३ मध्ये जुन्या जीपच्या अंगात हरिकेन नावाचं इंजिन बसवलं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर होते, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. दिसायला ती जरा बोजडच. अमेरिकेत टोलीडोला हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे महिंद्रानं ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. महिंद्राचीही एक गंमत आहे. १९४५ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्रा' आला. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार व्हायला लागल्या.

या गाडीचा गिअरबॉक्स टी-९०, वॉर्नर गिअर कंपनीच्या डिझाइनचा. तीन गिअर पुढे, एक मागे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गाडी थांबल्याशिवाय तो पडत नाही. घाई केली की दात खातो. त्याच्या पाठीला चिकटून ट्रान्सफर केस, जिच्यामुळे चारही चाकांना ताकद जाते. दोघांचं ऑइल वेगळं, पण मधलं सील सैल झालं की एकातलं दुसऱ्यात झिरपतं. एक रिकामा होतो, दुसरा तुडुंब भरून बाहेर गळतो. बघणाऱ्याला वाटतं, ज्याच्यातून गळतंय तोच बिघडलाय. जुन्या जीपवाल्यांची यात हमखास फसगत होते.

मी फसलोच. तीन व्हिडिओ बघून सील ऑर्डर करून बसलो. मग आप्पांना बोलावलं. आजोबांच्या काळापासून जीपला हात लावणारे मिस्त्री, वय सत्तरीच्या पुढे.

"सील बदलून काय हुतंय? आदी तेल कुठनं येतंय ते तर बघ."

त्यांनी सगळी खालची बाजू डिझेल आणि ब्रशनं धुऊन काढली. चिखलाचा थर निघाला त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे होते. कोरडं झाल्यावर जोडांवर टाल्कम पावडर मारली आणि मला वाठार फाट्यापर्यंत चक्कर मारून यायला सांगितलं. परत आलो तर पावडरीवर वाट उमटली होती. तेल मागून येत नव्हतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून येत होतं, दाट आणि वासाचं. म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाकडून. क्लच अजून वाचला होता, हे नशीब.

इथे थोडं थांबून सीलबद्दल सांगायला हवं, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला. फिरणारा शाफ्ट डब्याच्या बाहेर येतो तिथे तेल कसं अडवायचं, हा मोटारीइतकाच जुना प्रश्न आहे. सुरुवातीला लोकरीचा नमदा दाबून बसवत. मग कातडं आलं. जर्मनीत वाइनहाइमला फ्रॉइडनबर्ग नावाचा कातडी कमावणारा कारखाना होता. १९२९ च्या मंदीत कातड्याची मागणी पडली, तेव्हा त्यांनी उरलेल्या कातड्याची मोटारींसाठी सील बनवायला घेतली. वाल्टर सिमर या इंजिनिअरनं त्याला आकार दिला, धातूच्या कड्यात बसवलेली कातड्याची ओठासारखी कड. काही वर्षांत कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. तरी दुसऱ्या महायुद्धातल्या जीपना कातड्याची सील होती आणि बसवायच्या आधी ती तेलात भिजत घालायची असत. कोरडं कातडं शाफ्टवर घासून जळतं.

हे मी आप्पांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग? पंपाचं वायसर बी तसंच भिजवत्यात." कोल्हापूरकराला कमावलेल्या कातड्याचं कौतुक कोण सांगणार!

पण टी-९० च्या तोंडाशी मामला आणखी वेगळा आहे. तिथे बेअरिंगवर एक झाकण बसतं, त्याला रिटेनर म्हणतात. बेअरिंगमधून पुढे आलेलं तेल अडवून धरण्याऐवजी ते परत डब्यात जायला वाट ठेवलेली असते: रिटेनरला खाच, डब्याला भोक. दोन्ही समोरासमोर आली की तेल आपोआप खाली उतरतं. जुन्या यंत्रांचा हा स्वभाव मला पटतो, तेलाशी भांडण्यापेक्षा त्याला रस्ता द्यायचा.

आम्ही दोन दिवस खपून गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली उतरवले. जॅक, दोन लाकडी ओंडके आणि शेजारचा पोरगा. रिटेनर काढला, तर त्याखालचं पॅकिंग करड्या जाड कागदाचं, हातानं कापलेलं. हातोडीच्या गोल तोंडानं काठावर हलके ठोके मारून कागद कापण्याची ती जुनी रीत. बोल्टची भोकं अगदी नेटकी. फक्त तेल परतायचं भोक पाडलेलंच नव्हतं. तेलाची परतीची वाट कागदानं बंद.

आप्पांनी ते पॅकिंग उजेडात धरलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ही मीच कापलीया," शेवटी म्हणाले.

ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना, म्हणून आजोबांनी हरिकेन काढून डिझेल इंजिन बसवलं होतं. तेव्हा महाराष्ट्रभर हेच चाललं होतं. त्या कामावर आप्पा मदतनीस होते. उस्तादानं पॅकिंग कापायला दिलं आणि झाकणाला तेवढं एक भोक जास्तीचं का, हे विचारायची छाती नव्हती. चाळीसएक वर्षं तेल वरच्या वर थोडंथोडं सुटत राहिलं आणि आजोबा पुठ्ठा बदलत राहिले. डिझेल इंजिनाचे हादरे वाढले, बेअरिंग झिजलं, तसा डाग मोठा झाला.

नवं पॅकिंग आप्पांनीच कापलं. आधी परतीचं भोक पाडलं, मग बाकीची.

मागचा योक मात्र उद्यमनगरात न्यावा लागला. इतकी वर्षं सीलची कड घासून त्यावर खोबण पडली होती. नवं सील बसवूनही ते तिथून गळलंच असतं. लेथवर थोडं उतरवून बारीक स्लीव्ह ठोकून घेतली. अर्ध्या तासाचं काम. ते अर्ध्या तासात होतं याचं कारण जुनं आहे. विहिरीवरचं पाणी उसाला द्यायला इंजिनं लागत, ती परदेशी इंजिनं दुरुस्त करता करता कोल्हापुरातल्या मिस्त्र्यांनी स्वतःची ऑइल इंजिनं ओतली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं त्या पिढीतली; पोवारांच्या नावाचं नगर आजही तिथेच आहे. त्यातूनच पुढे फौंड्र्या उभ्या राहिल्या.

मग माझ्या डोक्यात आलं की जीपला 'व्हिंटेज' नोंदणी घ्यावी. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज ठरते, तिला 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही.

छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा आम्हीही फोन उंच करून उभे असतो. तशी गाडी जपायला असा नियम ठीकच आहे. पण आमच्या जीपमध्ये जे बदललं ते पेट्रोल महागलं म्हणून आणि ऊस न्यायचा होता म्हणून. ते इंजिन काढून जुनं हरिकेन शोधून बसवलं, तर नियमात बसेल, पण मग त्या गाडीत वडगावचं काय उरेल? माझ्या मते त्या चुकीच्या पॅकिंगइतका अस्सल कागद आमच्या घरात दुसरा नाही. मी फॉर्म भरला नाही.

ऑइल नव्वद नंबरचंच घातलं, पण जीएल-फोर. जीएल-फाइव्हमधली रसायनं जुन्या सिंक्रोच्या पितळेला खातात. शंभर किलोमीटर झाल्यावर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हीकडचे लेव्हल प्लग उघडून बघायचे, असं आप्पांनी बजावलं. दोन्ही जिथल्या तिथे होते.

पुठ्ठा अजून खाली आहे. परवा त्यावर एक काळा थेंब होता, पातळ. इंजिनाचा. आप्पांना फोन केला.

"त्यो असू दे," म्हणाले.