पानाची शिस्त

निपाणीतील जुन्या घरांच्या माळ्यांवर निर्णयसागरी पोथ्या आजही सापडतात. कागद पिवळा पडला, कडा झिजल्या. तरी वाचताना डोळा अडखळत नाही. यामागील कसबाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे घडविले. त्याच ओतशाळेत लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला.

देवनागरीची अडचण रोमन लिपीहून वेगळी आहे. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार बसतात आणि पायाशी उकार लोंबतो. दोन ओळींत पुरेशी जागा नसेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. म्हणून जुने जुळारी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत. ओळ फार लांब झाली, तर पुढच्या ओळीचा आरंभ डोळ्यास सापडत नाही. समासाचेही तसेच. सरकारी टिप्पणीत डावीकडची जागा वरिष्ठांच्या शेऱ्यासाठी असते, एवढेच आम्ही नोकरीत शिकलो; पुस्तकात ती डोळ्याच्या विसाव्यासाठी असते, हे निवृत्तीनंतर उमगले.

गेल्या वर्षी खर्च वाचावा म्हणून या पत्रिकेचे अक्षर आम्हीच लहान केले, ओळी दाटल्या. एका ज्येष्ठ सभासदांनी अंक परत पाठविला. वर चिठ्ठी होती, "मजकूर उत्तम असावा, आम्हांस वाचता आला नाही." चार पाने वाचली, वाचक मात्र गमावला.

अक्षराच्या वळणाचाही प्रश्न आहे. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण ठरविले. तरीही संगणकावरील अनेक फाँटांत हिंदी वळणच येते, आणि आपल्या लग्नपत्रिकांतही तेच उमटते. १९५६ नंतर आपला भाग म्हैसूर राज्यात आला. शाळा, कचेरी, पाट्या यांवर आपला अधिकार मर्यादित राहिला. स्वतःच्या पत्रिकेचे पान मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ते तरी मराठी वळणाचे आणि सुवाच्य असावे. या अंकापासून अक्षर पुन्हा मोठे केले आहे; पाने चार वाढली आहेत.