जेम्स वॅटचे माळ्यावरचे वर्कशॉप

जेम्स वॅट तुम्हाला बहुतेक शक्तीचे एकक म्हणूनच माहीत असतो. किटलीची गोष्ट बाजूला ठेवा. हा मनुष्य मुळात उपकरणे बनवणारा कारागीर. ग्लासगो विद्यापीठातले न्यूकोमेन इंजिनाचे मॉडेल त्याच्याकडे आले, तेही दुरुस्तीसाठी.

1800 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि वॅट धंद्यातून निवृत्त झाला. हातातली कानस मात्र सुटली नाही. बर्मिंगहॅमजवळच्या हीथफील्ड या आपल्या घरात, छपराखालच्या खोलीत त्याचे वर्कशॉप होते. उन्हाळ्यात तापणारी, थंडीत गारठणारी ही जागा. खिडकीशी पायाने चालवायचा लेथ, भिंतीला खण आणि फळ्या, त्यांवर अवजारे, बरण्या, प्लास्टरचे पुतळे. पत्नी अ‍ॅन स्वच्छतेबाबत कडक. मळके कपडे बदलून खाली जेवायला जाण्यापेक्षा वॅट वरच तव्यात काहीतरी शिजवून घेई, असे चरित्रकार सांगतात.

खोलीचा बराच भाग दोन यंत्रांनी व्यापला आहे. दोन्ही शिल्पाची नक्कल करणारी. एक बोथट टोक मूळ मूर्तीवरून फिरते. त्याला जोडलेले फिरते कटर तीच हालचाल दुसऱ्या दगडावर करते. एक यंत्र मूळ आकाराची प्रत काढते, दुसरे लहान आकाराची. कॉपी मिलिंग शिकताना हे आठवा. या यंत्रांचे पेटंट वॅटने घेतलेच नाही. तयार मूर्ती मित्रांना भेट देताना तो स्वतःला 83व्या वर्षात शिरणारा नवा कलावंत म्हणवी!

25 ऑगस्ट 1819 रोजी तो वारला. खोली बहुतांशी बंदच राहिली. 1924 मध्ये दार, खिडकी, जमिनीच्या फळ्यांसह ती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये नेली. घर पुढे 1927 मध्ये पाडले गेले. आमच्या कॉलेजातला पट्ट्यावर चालणारा जुना लेथ भंगारात गेला तेव्हा त्याचा फोटोसुद्धा कोणी काढला नाही, माझ्यासकट.

मोजणी केली तेव्हा खोलीत 8,000 हून अधिक वस्तू भरल्या. त्यांत एक ट्रंक अवजारांची नाही. वॅटचा मुलगा ग्रेगरी 1804 मध्ये क्षयाने गेला. त्याच्या शाळेच्या वह्यापुस्तकांची ही ट्रंक बापाने कामाच्या जागी, हाताशी ठेवली होती.