पाण्याकडून कोळशाकडे

खोपोलीच्या जलविद्युतगृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तेव्हा घाटमाथ्यावर इतका पाऊस कोसळत असताना दूरदेशीच्या खाणींतला कोळसा कशास जाळावा, असे कोणास वाटले असते तर ते मुळीच अवास्तव ठरले नसते. रेल्वेने मात्र पुढे ठाकुर्लीनजीक चोळे येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर उभारले, हे येथे नमूद केलेले बरे.

परंतु पर्जन्याची बेगमी परिमित असते. विजेसाठी कोयनेचे किती पाणी पश्चिमेकडे वळवावे यावर तर पुढे कृष्णा लवादानेच मर्यादा घातली. म्हणून कोराडी आणि त्यानंतर चंद्रपूर येथे, म्हणजे कोळसा वाहून नेण्यापेक्षा वीजच तारांवरून धाडणे किफायतीचे अशा खाणींच्या मुलखात, औष्णिक केंद्रे उभी राहिली, आणि श्रमविभाग आपोआप ठरला: थंड बाष्पपात्र तापावयास कित्येक तास लागत असल्याने अहोरात्र चालणारा पायाभूत भार कोळशाने वाहावा, आणि पाण्याने, ज्याची चक्रे काही मिनिटांत फिरू लागतात, सायंकाळच्या वाढत्या मागणीपुरते धावून यावे.

या व्यवस्थेत प्रकाशाचा मोठा वाटा पश्चिमेकडील शहरांच्या पदरी पडला आणि राख वऱ्हाडापलीकडच्या त्या मुलखाकडेच राहिली, ही वाटणी मला तरी न्याय्य वाटत नाही. कारण आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असते, आणि तिच्यासाठी प्रत्येक केंद्राजवळ विस्तीर्ण तळी बांधावी लागतात.