पाच मैलांतलं घर : लॉरी बेकर आणि ‘स्थानिक’ या शब्दाची गोष्ट

‘परिसराशी जुळणारं आजचं घर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. उतरतं लाल कौलारू छप्पर, जांभ्याची भिंत, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. अलिबागपासून दापोली-गुहागरपर्यंत रस्त्याकडेच्या फलकांवर हेच घर विकायला असतं. जवळ जाऊन पाहिलं तर पुष्कळदा आत आरसीसीचे खांब आणि सिमेंटचे ब्लॉक निघतात, आणि जांभा म्हणजे बाहेरून डकवलेल्या पातळ टाईल्स. कौलंही स्लॅबवर बसवलेली. पाऊस अडवायचं काम स्लॅब करतो, कौलं नुसती दिसायला. या घरांची टिंगल करायला मी उभी नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हे घर जुळतं ते नेमकं कशाशी? कोकणाशी, की कोकणाच्या फोटोशी?

आधी त्या कौलाचीच गोष्ट बघू, कारण ती मजेदार आहे. ज्याला आपण कोकणाचं पारंपरिक छप्पर म्हणतो ते मंगलोरी कौल कारखान्यात जन्माला आलं. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला यंत्रावर दाबून कौलं काढायला सुरुवात केली, आणि मग ती समुद्रमार्गे किनाऱ्यावर सगळीकडे पसरली. त्याआधी काय होतं? गवत, पेंढा, माडाच्या झावळ्या आणि ऐपत असेल त्याच्याकडे कुंभाराची नळीची कौलं. ती दर वर्षी पावसाआधी चाळावी लागत, फुटकी काढून नवी घालावी लागत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसतं, कमी सरकतं, त्याला लाकूडही कमी लागतं. म्हणून लोकांनी ते घेतलं. कोणी ‘हे आमच्या संस्कृतीत बसतं का’ असं विचारत बसलं नाही. पाऊस तोच होता, त्यावर बरा इलाज मिळाला. पन्नास-शंभर वर्षांत तीच परंपरा झाली.

हे लक्षात ठेवून आता आपल्या मुख्य माणसाकडे येऊ. लॉरी बेकर. जन्म १९१७, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. शिक्षण वास्तुकलेचं, पंथानं क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध असणारे. दुसऱ्या महायुद्धात ते शस्त्र न धरता रुग्णसेवेच्या पथकातून चीनला गेले. परत जाताना बोटीची वाट बघत त्यांना मुंबईत काही महिने थांबावं लागलं, आणि तिथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. बेकर पुढे सांगत की गांधीजींचं लक्ष प्रथम त्यांच्या पायांकडे गेलं, कारण पायांत चिंध्यांपासून हातानं बनवलेले चिनी बूट होते. घरांबद्दलही बोलणं झालं. गांधीजींनी १९३७ मध्येच ‘हरिजन’मध्ये आदर्श खेड्याबद्दल लिहिलं होतं की तिथली घरं पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याची असावीत. हा पाच मैलांचा मुद्दा बेकरांच्या डोक्यात कायमचा बसला.

पण डोक्यात बसणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. युद्धानंतर ते कुष्ठरोग्यांच्या संस्थांच्या इमारतींचं काम घेऊन भारतात परत आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब या मल्याळी डॉक्टरांशी त्यांचं लग्न झालं, आणि दोघं हिमालयात पिठोरागडला राहायला गेले. तिथे त्यांनी दवाखाना काढला. जवळजवळ सोळा वर्षं ते तिथे होते. बर्मिंगहॅमला शिकलेलं तिथे फारसं उपयोगी पडेना. दगड फोडणारा, पाथरीचं छप्पर घालणारा माणूस यांच्यापेक्षा जास्त जाणत होता. तिथली घरं नुसती दिसायला छान नव्हती. खाली गोठा, वर माणसं, म्हणजे थंडीत जनावरांची ऊब वर येते. उताराशी भांडण नाही, उताराचाच उपयोग. अशा एकेका गोष्टीमागे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या केलेला हिशोब आहे, हे बेकर तिथे शिकले. त्यांचं खरं कॉलेज पिठोरागड, असं मला वाटतं.

१९६३ मध्ये हे कुटुंब केरळात आलं, आणि पुढे तिरुवनंतपुरमला स्थिरावलं. आता बघा, इथे खरी परीक्षा होती. केरळचं पारंपरिक घर म्हणजे नालुकेट्टु : मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, सागाचं नाहीतर फणसाचं भरपूर लाकूड, खाली आलेली वळचण. कोणीही म्हणेल, बेकरांनी तेच बांधायला घेतलं असणार. त्यांनी ते बांधलं नाही.

का नाही? कारण नालुकेट्टु ज्यांच्यासाठी होतं ती माणसं आणि ज्यातून होत होतं ते जंगल, दोन्ही उरली नव्हती. हे घर सधन, वरच्या जातींच्या एकत्र कुटुंबांचं, म्हणजे तरवाडांचं. ती कुटुंबं कधीपासून फुटत चालली होती. १९७५ साली केरळ विधानसभेनं हिंदू एकत्र कुटुंबपद्धतीच कायद्यानं रद्द केली. लाकूड महाग झालं होतं. आणि गरीब माणूस? तो नालुकेट्टुत कधी राहतच नव्हता. तो मातीच्या भिंती आणि झावळ्यांच्या छपराखाली होता. मग ‘केरळची परंपरा’ म्हणताना कुणाची परंपरा?

बेकरांनी वेगळा प्रश्न विचारला. आज इथे पाच मैलांत काय मिळतं? भाजलेली वीट मिळते. शिंपल्यांचा चुना मिळतो. गवंडी मिळतो, आणि त्याला काम हवं आहे. सिमेंट आणि लोखंड महाग, शिवाय लांबून येणारं. तेव्हा ते कमीत कमी वापरायचं. वीट आडवी न ठेवता काठावर उभी ठेवायची, म्हणजे भिंतीच्या आत पोकळी राहते. याला रॅट-ट्रॅप बॉण्ड म्हणतात. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि त्या पोकळीमुळे उन्हाची धगही कमी आत येते. खिडकीला चौकट लागते, चौकटीला लाकूड, म्हणून बऱ्याच ठिकाणी खिडकीऐवजी विटांची जाळी. वारा येतो, उजेड गाळून येतो. गिलावा नाही, नुसत्या दरजा भरायच्या. झाड आडवं आलं तर झाड न तोडता भिंत वळवायची. वळलेली पातळ भिंत सरळ भिंतीपेक्षा जास्त मजबूत उभी राहते, हा वरचा फायदा. आणि स्लॅबमध्ये, खालच्या भागात जिथे काँक्रीट भार घेत नाही, तिथे त्याऐवजी जुनी मंगलोरी कौलं घालायची. मघाचं आपलं कौल इथे असं परत भेटतं!

म्हणजे जुन्या घराकडून त्यांनी रूप घेतलं नाही, हिशोब घेतला. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब कसं पडेल, वारा कुठून येतो, चौकात सावली कधी असते. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर बेकरांनी १९७० च्या दशकात उभा केला. उतार, झाडं, विटांच्या जाळ्या. तो परिसर नालुकेट्टुसारखा मुळीच दिसत नाही, आणि तिरुवनंतपुरमशिवाय दुसरीकडे कुठे असेल असंही वाटत नाही. आणखी एक गोष्ट अर्थतज्ज्ञांना आवडली असणार : अशा घराचा बराच पैसा मजुरीत जातो, म्हणजे गावातच राहतो. सिमेंटच्या घराचा पैसा कारखान्याकडे जातो.

इथवर सगळं छान वाटतं. पण महाराष्ट्रात ‘स्थानिक साहित्य’ हा शब्द उच्चारताना किल्लारी विसरून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, विसर्जनाच्या मिरवणुकीहून दमून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि बहुतेक घराखालीच गेली. घरं शंभर टक्के स्थानिक होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर वाढत गेलेले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड बांधणारा, आरपार जाणारा लांब दगड पुष्कळ ठिकाणी नव्हताच. पन्नासावर गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, काँक्रीट. तिथे लोक अंगणाला, बोळाला, शेताच्या जवळिकीला मुकले, ही तक्रार खरी आहे. पण ज्यानं माणसं ढिगाऱ्यातून काढली त्याला दगडाची भीती वाटली तर त्याला अडाणी म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. जिथे गावं हलवली नाहीत तिथे दुरुस्तीचे उपाय सांगितले गेले : आरपार दगड, भिंतीला बांधून ठेवणारा पट्टा, छपरावरचं ओझं कमी. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधायची रीत ढिली पडली होती. एवढं म्हणायला मात्र उशीर झाला होता.

बेकरांवरही आक्षेप आहेत आणि ते ऐकायला हवेत. वीट भाजायला जळण लागतं, मातीसाठी भातखाचरं खणली जातात. बेकर स्वतः पुढे मातीच्या घरांचा आग्रह धरू लागले. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. उघड्या विटांचं ‘बेकर घर’ प्राध्यापक-लेखक मंडळींची आवड बनलं, आणि ज्याच्यासाठी ते स्वस्त केलं त्याला मात्र गिलाव्याचं, सपाट स्लॅबचं घर हवं होतं. यात नवल काय? मातीची भिंत त्यानं निवडली नव्हती, ती त्याच्या वाट्याला आली होती. सरकारी कागदावरही मातीचं घर ‘कच्चं’ आणि सिमेंटचं ‘पक्कं’. घर पक्कं झालं म्हणजे माणूसही पक्का झाला, अशी भावना त्यामागे असते. वास्तुकाराला माती म्हणजे विचार वाटतो, तिच्यात जन्मलेल्याला ती गरिबी वाटते. दोघांचं घर एकाच नकाशात बसवणं हे बेकरांनाही पूर्ण जमलं नाही.

जाता जाता परत कोकणात. माकडांचा त्रास आणि शाकारणीचा खर्च, यांमुळे आज बऱ्याच घरांवरची मंगलोरी कौलं उतरवून पत्रे चढताहेत. उतरवलेली कौलं परसात रचून पडलेली असतात, नाहीतर शहरातल्या हॉटेलांच्या सजावटीला जातात. पाच मैलांतलं साहित्य म्हणाल तर हेच आहे, घराच्या मागेच. शेजारी कोणी स्लॅब टाकत असेल तर ती कौलं त्यात जाऊ शकतात. सळयांमधलं अंतर कौलाच्या मापानं किती ठेवायचं ते इंजिनियरकडून ठरवून घ्या, आणि कौलं आधी पाण्यात भिजवून ठेवायला गवंड्याला सांगा, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतात.

आता प्रश्न घेऊ या.