टिळक रोडवरचे आकाश

पुण्यातील टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली एक घुमट उभा राहिला आणि शाळेला स्वतःचे आकाश मिळाले. कुसुमबाई मोतीचंद तारांगण हे देशातले पहिले तारांगण. कोलकात्याचे बिर्ला तारांगण त्यानंतर काही वर्षांनी आले, तर मुंबईचे नेहरू तारांगण 1977 मध्ये.

इथला प्रक्षेपक अमेरिकेतल्या स्पिट्झ कंपनीचा. आर्मंड स्पिट्झ यांनी 1940च्या दशकात स्वस्त यंत्राची युक्ती काढली होती. बारा पंचकोनी पृष्ठांची पोकळ पेटी, आत दिवा आणि पृष्ठांवर बारीक भोके. दिवा लागला की घुमटावर तारे उमटत. ग्रह मात्र जागा बदलतात. त्यामुळे त्यांचे प्रकाशठिपके वेगळे असत आणि तारखेनुसार हाताने लावावे लागत.

शिकवण्यासाठी हाच फरक मोलाचा होता. फळ्यावरच्या आकृतीत ग्रह सूर्याभोवती फिरताना दिसतात. पृथ्वीवरून मात्र मंगळ काही काळ उलटा सरकताना दिसतो. विद्यार्थ्यांना दोन्ही चित्रे जुळवावी लागतात, आणि घुमटाखाली ती जुळतात.

त्या काळी मुले नऊ ग्रह मोजत. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने प्लूटोला बटुग्रह ठरवले आणि पाठ्यपुस्तकांत ग्रह आठ उरले.