साखरखेर्डा: आपल्या शेजारची लढाई आणि हैदराबादचं राज्य

डोणगावहून मेहकर ओलांडून पुढे गेलं की साखरखेर्डा लागतं. लग्नकार्याला आपण तिथे जातोच. जुन्या कागदांत हेच शकरखेडा. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांची लढाई झाली. गंमत पाहा, दोघेही मुघलांचेच सरदार, आणि मुबारिझ खानाला आतून फूस बादशाह मुहम्मद शाहची! खान मारला गेला. पुढच्याच वर्षी त्याच बादशाहला निजामाला ‘आसफ जाह’ हा किताब द्यावा लागला. हैदराबादचं आसफजाही राज्य उभं राहिलं ते या विजयावर, आणि १९४८ पर्यंत टिकलं. वर्गात विचारा, चारमिनार सगळ्यांना माहीत, ही लढाई क्वचितच कुणाला. निजामाने गावाचं नाव फतेहखेडा, म्हणजे विजयाचं गाव, असं ठेवलं होतं. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिलं.